स्क्रीनशॉटचं टूल निवडताना: कोणतं, कशासाठी, आणि कुठे अजिबात नको

पेट पास झाली, गाइड ठरले, विषयही साधारण ठरत आला, की मला हमखास येणारा प्रश्न संख्याशास्त्राचा नसतो, संदर्भसूचीचाही नसतो. तो असतो, "स्क्रीनशॉट आणि स्क्रीन रेकॉर्डिंगला चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?" बारामतीतून येतो, इंदापुरातून येतो, आणि विचारणाऱ्याला एका शब्दात उत्तर हवं असतं. नाव सांगा, डाउनलोड करतो. एका शब्दात सांगता आलं असतं तर हा लेख लिहिला नसता. कारण यात दोन प्रश्न आहेत. एक टूलचा, तो सोपा आहे. दुसरा असा, की जिथे तुम्ही स्क्रीनशॉट वापरताय तिथे तो वापरायला हवा का? तो कुणी विचारत नाही, आणि प्रबंधातली चित्रं बिघडतात ती मुख्यतः त्याच्यामुळे.

आधी एक जुनं दुखणं मिटवू. मोबाईलने स्क्रीनचा फोटो काढून गाइडना व्हॉट्सअॅपवर पाठवणं बंद करा. हा शिस्तीचा मुद्दा नाही, भौतिकशास्त्राचा आहे. स्क्रीन म्हणजे ठरावीक अंतरावर मांडलेल्या ठिपक्यांची जाळी, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर ही दुसरी जाळी. दोन जाळ्यांची अंतरं जवळजवळ सारखी पण तंतोतंत सारखी नसली, की त्यांच्यातून तिसरीच लाटांची नक्षी तयार होते. तिला म्वारे म्हणतात. मच्छरदाणीचा पडदा दुहेरी झाला की त्यावर लाटा दिसतात ना, तीच ही. मग तुमच्या आलेखावरची बारीक रेघ खरी आहे की लाटेची, हे बघणाऱ्याला कळत नाही. वर व्हॉट्सअॅप तो फोटो दाबून लहान करतं. गाइड एसटीत बसून तो उघडतात, बोटांनी मोठा करतात, आणि "प्रत्यक्ष या" म्हणतात. एक दिवस गेला.

आता टूलकडे. विंडोज असेल तर नवीन काही उतरवायच्या आधी हाताशी काय आहे ते बघा. विंडोज आणि प्रिंट स्क्रीन या दोन कळा एकत्र दाबल्या की पूर्ण स्क्रीनचं चित्र 'पिक्चर्स' फोल्डरच्या आत 'स्क्रीनशॉट्स'मध्ये आपोआप जमा होतं. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबलं तर फक्त समोरची खिडकी क्लिपबोर्डवर येते. विंडोज, शिफ्ट आणि एस दाबलं की हवा तेवढा तुकडा कापून घेता येतो. विंडोज १० वर या शेवटच्या प्रकारात एक खोच आहे: तुकडा क्लिपबोर्डवर जातो, फाइल म्हणून जपला जातोच असं नाही. कोपऱ्यात आलेल्या सूचनेवर क्लिक करून सेव्ह केलं नाही आणि मशीन बंद झालं, की गेला. विंडोज ११ मधलं नवं स्निपिंग टूल तो आपणहून फोल्डरात ठेवतं. रोजच्या कामातला बहुतेक भाग एवढ्यावर भागतो, हे मी ठामपणे सांगतो. यूट्यूबवर 'टॉप १० स्क्रीनशॉट टूल्स' सांगणारे हे पहिल्यांदा सांगत नाहीत, कारण त्यात व्हिडिओ दहा मिनिटं चालत नाही.

तरीही स्निपिंग टूलची एक गोष्ट माहीत असायला हवी. मार्च २०२३ मध्ये सायमन आरोन्स आणि डेव्हिड बुकॅनन यांनी गुगलच्या पिक्सेल फोनमधल्या चित्र कापायच्या सोयीत एक दोष दाखवला. 'अक्रोपॅलिप्स' हे त्याला पडलेलं नाव. चित्र कापून जुन्याच फाइलवर सेव्ह केलं, की नवं लहान चित्र फाइलच्या सुरुवातीला लिहिलं जायचं, पण फाइल आखूड केली जायची नाही. जुन्या चित्राचं शेपूट मागे तसंच राहायचं, आणि त्यातून कापलेला भाग बराचसा परत काढता यायचा. काही दिवसांतच तोच प्रकार विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये आणि विंडोज १० च्या स्निप अँड स्केचमध्ये सापडला. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती दिली, त्यामुळे आज अपडेट असलेल्या मशीनवर काळजी नाही. पण त्याआधी कापून पाठवलेल्या फाइली ज्यांच्याकडे गेल्या त्यांच्याकडे आहेत तशाच आहेत, आणि आपल्याकडच्या किती प्रयोगशाळांत मशीन अपडेट होतात ते तुम्हालाही माहीत आहे.

"माझ्या स्क्रीनशॉटमध्ये असं काय गुपित असणार?" असं वाटत असेल तर इंदापूर तालुक्यात ऊस उत्पादकांचं सर्वेक्षण करणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार करा. एक्सेलमध्ये शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, मोबाईल, कर्जाची रक्कम. सादरीकरणात 'माहिती अशी गोळा केली' हे दाखवायला तो त्या पानाचा स्क्रीनशॉट घेतो आणि नावांवर धूसर पट्टी फिरवतो. ही धूसर पट्टी फसवी आहे. अक्षरांचे चौकोनी ठोकळे केले किंवा ती अंधुक केली तरी मूळ अक्षराची बरीच माहिती त्या ठोकळ्यांच्या छटांमध्ये शिल्लक असते. २०२२ मध्ये बिशप फॉक्स या सुरक्षा कंपनीने 'अनरिडॅक्टर' नावाचं टूल खुलं केलं, ते नेमकं हेच करतं: सगळी शक्य अक्षरं घेऊन त्यांचे तसेच ठोकळे बनवतं आणि कोणतं जुळतं ते बघतं. म्हणून नाव झाकायचं तर घट्ट काळा चौकोन, आणि झाकून झाल्यावर चित्र नव्या नावाने सेव्ह. वर्डमध्ये चित्रावर काळा आकार ठेवून काम झालं असं समजू नका, तो आकार उचलला की खाली सगळं आहे. त्याहून सरळ उपाय म्हणजे नावांचे रकाने आधीच लपवा आणि मग स्क्रीनशॉट घ्या. शेतकऱ्याने तुम्हाला घरात बसवून, चहा देऊन कर्जाचा आकडा सांगितलेला असतो, तो तुमच्या पीपीटीसाठी नाही.

याच कारणासाठी लाइटशॉट वापरू नका असं मी स्पष्ट सांगेन. टूल हलकं आहे, चटपटीत आहे, कॉलेजच्या लॅबमध्ये पुष्कळांनी टाकलेलं असतं. पण त्यातलं अपलोडचं बटण दाबलं की चित्र सार्वजनिक संकेतस्थळावर जातं आणि त्याचा दुवा फक्त थोड्याशा अक्षर-आकड्यांचा असतो. त्यातलं एखादं अक्षर बदललं की दुसऱ्या कुणाचा तरी स्क्रीनशॉट समोर. पासवर्ड, बँकेची पानं, खाजगी गप्पा असं काहीही. हे वर्षानुवर्षं सगळ्यांना ठाऊक आहे. आपण अपलोड करणारच नाही म्हणाल, पण ते बटण 'सेव्ह'च्या शेजारीच असतं, आणि रात्री साडेअकराला शेजारचं बटण दाबलं जातं.

मग चांगलं कोणतं? विंडोजवर दोनच नावं घेईन, ग्रीनशॉट आणि शेअरएक्स. विंडोजवर दोन्ही मोफत, दोन्हींचा स्रोत खुला. ग्रीनशॉट साधं आहे. प्रिंट स्क्रीन दाबा, चौकोन ओढा, बाण काढा, आकडे टाका, सेव्ह करा. प्रबंधाच्या परिशिष्टात 'सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या पायरीला काय दाबलं' हे दाखवायला याहून जास्त लागत नाही. शेअरएक्स म्हणजे ट्रॅक्टरला जोडता येतील तेवढी सगळी अवजारं एकदमच जोडून दिलेली. पहिल्यांदा उघडल्यावर मेनू बघूनच माणूस घाबरतो. ही त्याची खरी उणीव आहे, आणि 'शिकलं की सोपं वाटतं' हे उत्तर मला पटत नाही. साध्या कामाचं टूल शिकायला संध्याकाळ जात असेल तर तो टूलचा दोष. शिवाय नावातच 'शेअर' आहे. अपलोड करणं हा त्याच्या जन्माचा हेतू, त्यामुळे पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन 'घेतल्यानंतर काय करायचं' या यादीत अपलोडवर खूण नाही ना, हे बघून घ्या.

तरी संशोधनासाठी मी शेअरएक्सच सुचवतो, आणि त्याचं कारण एकच: फाइलचं नाव. त्यात नावाचा साचा ठरवता येतो. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद, आणि स्क्रीनवर कोणता प्रोग्रॅम उघडा होता त्याचं नाव. म्हणजे तीन वर्षांनी प्रबंध लिहिताना 'अनटायटल्ड ७' आणि 'न्यू फायनल २' यांच्यात खोदकाम करावं लागत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय दिसत होतं ते फोल्डर उघडताच रांगेने दिसतं. प्रयोगवहीतल्या तारखेशी ते जुळवता येतं. ही एक सोय बाकीच्या शंभर सोयींच्या वरची आहे. ग्रीनशॉटमध्येही नावाचा साचा ठरवता येतो, तेव्हा शेअरएक्स जड वाटलं तर तिथे हे करा.

पैसे देऊन स्नॅगइट घ्यावं का? चांगलं आहे, पण फेलोशिप कधी जमा होते ते बघता नको. आणि त्याचं 'क्रॅक' तर अजिबात नको. ज्या मशीनवर तुमचा चार वर्षांचा डेटा आहे तिथे अनोळखी माणसाने फोडलेलं सॉफ्टवेअर टाकायचं, तेही बाण काढण्यासाठी?

मॅकवाल्यांना फार सांगण्यासारखं नाही. कमांड, शिफ्ट आणि ५ दाबलं की चित्र आणि रेकॉर्डिंग दोन्हींची पट्टी येते, २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून आहे. लिनक्सवर फ्लेमशॉट उत्तम, पण वेलँड असलेल्या नव्या उबुंटूवर ते कधी कधी रुसतं. तेव्हा ग्नोमच्या स्वतःच्या स्क्रीनशॉटवर समाधान माना.

आता एका वेगळ्या मशीनबद्दल. प्रयोगशाळेत यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरला किंवा एक्सआरडीला जोडलेला संगणक असतो. विंडोज ७ वर चालतो, इंटरनेट नसतं, आणि त्याला हात लावायचा म्हणजे लॅब असिस्टंटची परवानगी लागते. त्यावर काहीही नवं टाकू नका. विंडोज ७ मध्येही स्निपिंग टूल असतं, त्याने घेतलेलं चित्र पीएनजीमध्ये ठेवा. आणि तिथे एक दुर्लक्षित रत्न आहे, 'स्टेप्स रेकॉर्डर'. तो सुरू केला की तुम्ही माऊसने जिथे जिथे क्लिक कराल तिथला स्क्रीनशॉट आणि 'अमुक बटणावर क्लिक केलं' असं वाक्य तो आपोआप नोंदवतो आणि शेवटी सगळं एका झिप फाइलमध्ये देतो. उपकरण चालवण्याची कार्यपद्धती लिहून काढायला याच्याइतकं सोपं काही मी पाहिलेलं नाही. मायक्रोसॉफ्टने नव्या विंडोजमधून तो काढून टाकायचं जाहीर केलंय. का, देव जाणे. जुन्या मशीनवर आहे तोवर वापरा.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, जिथे माझी खरी तक्रार आहे. शोधगंगेवर कोणत्याही विज्ञान विषयातले पाच-सहा प्रबंध उघडून बघा. ओरिजिनमध्ये काढलेला आलेख, पण प्रबंधात आला तो स्क्रीनशॉट म्हणून. कडेला ओरिजिनची टूलपट्टी अर्धी कापलेली, अक्षांवरचे आकडे फुटलेले, एखाद्या ठिकाणी माऊसचा बाणसुद्धा. ज्या आलेखासाठी सहा महिने नमुने तयार केले, तो वाचता येत नाही.

गणित करून बघा. आपल्याकडचे स्वस्त लॅपटॉप अजूनही १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलचे असतात. ए४ पानाची रुंदी ८.२७ इंच. डावीकडे बांधणीसाठी दीड इंच आणि उजवीकडे एक इंच सोडला की उरले ५.७७ इंच. पूर्ण स्क्रीनचं चित्र त्यात बसवलं तर इंचाला साधारण २३७ ठिपके. पण आलेखाने पूर्ण स्क्रीन व्यापलेली नसते. तो समजा ६०० पिक्सेल रुंद असेल तर इंचाला फक्त १०४. एल्सेव्हियरच्या सूचनांत छायाचित्रासाठी इंचाला ३०० आणि रेषांच्या चित्रासाठी १००० ठिपके मागितलेत. ९ सेंटीमीटरच्या एका स्तंभात रेषांचा आलेख द्यायचा तर ३५४३ पिक्सेल रुंदी हवी. तुमच्या स्क्रीनवर तेवढे पिक्सेलच नाहीत, आणि जगातलं कोणतंही स्क्रीनशॉट टूल, फुकट की विकतचं, नसलेले पिक्सेल आणून देऊ शकत नाही. पेंटमध्ये जाऊन डीपीआयचा आकडा ३०० केला म्हणजे चित्र ३०० चं होत नाही, फक्त फाइलवरचं लेबल बदलतं.

यावर उपाय 'एक्सपोर्ट' नावाच्या मेनूत आहे. ओरिजिन, पायथनचं मॅटप्लॉटलिब, आर, अगदी एक्सेलसुद्धा. आलेख पीडीएफ किंवा एसव्हीजीमध्ये काढा, म्हणजे रेषा रेषा म्हणूनच राहते, कितीही मोठी केली तरी फुटत नाही. वर्डने हट्ट केला तर ६०० डीपीआयचं पीएनजी. यात स्क्रीनशॉटचं काही काम नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात तर हा नुसत्या सुबकपणाचा प्रश्न राहत नाही, प्रामाणिकपणाचा होतो. कॅमेरा १२ बिटचा असेल तर तो प्रत्येक ठिपक्यासाठी ४०९६ छटा नोंदवतो. साध्या स्क्रीनशॉटमध्ये प्रत्येक रंगाला २५६ छटा उरतात. सॉफ्टवेअरने चित्र खिडकीत बसवण्यासाठी ते आधीच लहान-मोठं केलेलं असतं, म्हणजे एक पिक्सेल किती मायक्रोमीटर हा हिशेबही मोडला. मूळ टिफ फाइलसोबत येणारी माहिती, वर्धन किती, एक्सपोजर किती, तीही गेली. त्या स्क्रीनशॉटवर इमेजजे उघडून पेशींचं क्षेत्रफळ मोजलं तर उत्तर येईल, दशांशात येईल, आणि त्याला अर्थ नसेल. मूळ फाइल आणि नंतर दाखवायला केलेलं चित्र वेगळी जपायची, हे जर्नल ऑफ सेल बायॉलॉजीचे संपादक २००२ पासून बघत आले आहेत. त्या वर्षापासून त्यांनी स्वीकारलेल्या लेखांतली चित्रं तपासायला सुरुवात केली. पुढे एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एमबायो नियतकालिकात २०,६२१ लेखांची तपासणी मांडली, त्यातल्या ३.८ टक्के लेखांत चित्रांची शंकास्पद पुनरावृत्ती होती. त्यातलं सगळंच मुद्दाम केलेलं नव्हतं. फाइलींची नावं नीट नसली, मूळ चित्र कुठलं ते ठाऊक नसलं, की एकच चित्र दोन ठिकाणी चिकटायला वेळ लागत नाही. फाइलच्या नावाबद्दल मी वर एवढं का बोललो ते यावरून लक्षात येईल. कुणी प्रश्न विचारला की तुमच्या बाजूने बोलायला फक्त मूळ फाइल असते. यूजीसीचे २०१८ चे नियम मजकुराच्या चोरीबद्दल आहेत, एवढ्यावर चित्रांबाबत निर्धास्त राहू नका.

आपल्या भागातलं एक उदाहरण घेऊ, कारण हा विषय दरवर्षी कुणी ना कुणी निवडतंच: उजनीचा पाणीफुगवटा. भिगवण, पळसदेव, थेट इंदापूरपर्यंतचा काठ. उन्हाळ्यात धरण 'मायनस'मध्ये गेलं, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडलं, की गुगल अर्थचा स्क्रीनशॉट घेऊन पाण्याचं क्षेत्र मोजायचा मोह होतो. नका करू. गुगल अर्थवरचं चित्र वेगवेगळ्या तारखांच्या तुकड्यांची गोधडी असू शकतं. एका तुकड्यात जलाशय भरलेला आणि शेजारच्या तुकड्यात गाळपेर, हे एकाच स्क्रीनवर शक्य आहे. शिवाय स्क्रीनशॉट घेतला की अक्षांश-रेखांश गेले, आणि एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर किती हे तुम्ही झूम कुठे थांबवलं त्यावर ठरलं.

त्याऐवजी सेंटिनेल-२ ची मूळ चित्रं कोपर्निकसच्या संकेतस्थळावरून फुकट घ्या. या मालिकेतल्या उपग्रहांमुळे साधारण पाच दिवसांनी तोच भाग पुन्हा टिपला जातो. पाणी ओळखायला लागणाऱ्या मुख्य पट्ट्यांत एक पिक्सेल १० मीटर गुणिले १० मीटर. म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणजे सातबाऱ्यावरचा बरोबर एक आर, जवळजवळ एक गुंठा! आपल्या भागातल्या माणसाला याहून सोपं एकक कुठलं? क्यूजीआयएसमध्ये पाण्याचे पिक्सेल मोजा, गुंठ्यात उत्तर तयार. आणि नकाशा छापायचा तर क्यूजीआयएसच्या 'प्रिंट लेआउट'मधून ३०० डीपीआयला काढा, प्रमाणपट्टी आणि उत्तर दिशेच्या बाणासकट. प्रस्तावनेत फक्त 'अभ्यासक्षेत्र असं दिसतं' एवढंच दाखवायचं असेल तर गुगल अर्थ प्रोचं 'सेव्ह इमेज' वापरा. स्क्रीनपेक्षा मोठं चित्र मिळतं, आणि खाली येणारं श्रेय कापू नका.

म्हणजे स्क्रीनशॉट कुठेच नको का? तसं नाही. सॉफ्टवेअरचं सेटिंग नोंदवायला, पायऱ्या दाखवायला, पटकन गाइडना विचारायला तोच बरा. जुन्या शोधनिबंधातला आलेख, ज्याचे आकडे लेखकाने दिलेलेच नाहीत, तो वेबप्लॉटडिजिटायझरमध्ये टाकून आकडे काढायचे असतील तेव्हा पीडीएफ भरपूर मोठी करून स्क्रीनशॉट घ्यावा लागतो. हे अगदी रास्त काम आहे, फक्त 'आकडे आलेखावरून काढले' असं लिहा. वेबपान जपायचं असेल, समजा बाजार समितीचे रोज बदलणारे भाव, तर फायरफॉक्समध्ये उजवं बटण दाबून पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट मिळतो, वेगळं टूल नको. पण पुरावा म्हणून त्याची किंमत कमी आहे. कोणीही पानावरचा आकडा ब्राउझरमध्येच बदलून स्क्रीनशॉट घेऊ शकतं. वेबॅक मशीनवर ते पान साठवा आणि तो दुवा द्या.

एक हात जोडून विनंती: पायथनची किंवा आरची एरर आली तर तिचा स्क्रीनशॉट पाठवू नका, मजकूर कॉपी करून पाठवा. मदत करणाऱ्याला ती शोधात टाकायची असते, चित्रातून अक्षरं टाइप करत बसायचं नसतं. अपवाद फक्त मराठी मजकुराचा. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली जुनी फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात, तिथे स्क्रीनशॉटने लाज राखली जाते. पण तो उपाय नव्हे, ती फाइल एकदाची युनिकोडमध्ये आणा.

रेकॉर्डिंगबद्दल माझं मत सरळ आहे: ओबीएस स्टुडिओ. मोफत, खुला स्रोत, शिक्का नाही, वेळेची मर्यादा नाही. बँडिकॅमच्या फुकट आवृत्तीत वर शिक्का येतो आणि दहा मिनिटांनी थांबतं. विंडोजचा गेम बार, विंडोज, ऑल्ट आणि आर दाबलं की सुरू होतो, पण एकाच प्रोग्रॅमची खिडकी टिपतो. डेस्कटॉप किंवा फाइल एक्सप्लोरर त्याला दिसत नाही, त्यामुळे 'ही फाइल इथून उचलली आणि तिकडे टाकली' हे दाखवताच येत नाही. विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्ये २०२३ पासून रेकॉर्डिंग आलंय, दोन मिनिटांच्या कामाला पुरेसं.

ओबीएसची पहिली भेट मात्र त्रासाची असते. उघडल्यावर काळा पडदा, कारण 'सोर्स' आपण जोडायचा असतो हे कुणी सांगत नाही. 'डिस्प्ले कॅप्चर' जोडूनही काळंच राहिलं आणि लॅपटॉपला दोन ग्राफिक्स कार्डं असली, तर विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ओबीएसला 'पॉवर सेव्हिंग'वर ठेवा, बहुधा सुटतं. फाइल एमकेव्हीमध्येच ठेवा. साध्या एमपी४ ला शेवटची नोंद पूर्ण झाल्याशिवाय फाइल उघडत नाही. रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली, बॅटरीही मेलेली, तर पस्तीस मिनिटं पाण्यात. एमकेव्हीमध्ये लाइट जाईपर्यंतचं सगळं वाचतं, आणि नंतर ओबीएसच्याच 'रीमक्स'ने त्याची एमपी४ करता येते. भारनियमनाच्या गावात ही एक गोष्ट बाकी सगळ्या तुलनांवर भारी पडते.

आकार किती होईल? बिटरेट २५०० ठेवला तर मिनिटाला सुमारे १९ एमबी, तासाला १.१ जीबीच्या आसपास. स्लाइड आणि कोड दाखवायला सेकंदाला ३० चित्रं लागत नाहीत, १५ पुरतात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून पाठवणार असाल तर हे आधी बघा.

आवाजासाठी ओबीएसमध्ये 'नॉइज सप्रेशन' गाळणी आहे, तिच्यातला आरएनएनॉइज पर्याय पंख्याचा आवाज खरंच छान काढतो. गाळप हंगामात खिडकीखालून डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर गाणी लावून जातो, त्यावर मात्र गाळणी नाही. पहाटे रेकॉर्ड करा.

आणि रेकॉर्ड करण्याआधी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे दोन-तीन व्हिडिओ मराठीत बघा. साधारण दहा मिनिटांचे असतात. त्यांची पद्धत अशी, की आधी दोन रकान्यांची संहिता लिहायची, एका रकान्यात स्क्रीनवर काय दिसेल, दुसऱ्यात काय बोलायचं. मग रेकॉर्ड. व्हिडिओ दिसायला साधे, थोडे कंटाळवाणेही. पण शिकणाऱ्याने अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर ठेवून सोबत करत जायचं असतं, म्हणून अर्ध्या खिडकीतही अक्षरं वाचता येतील असं सगळं मांडलेलं. आपल्याकडचे प्री-पीएच.डी. सादरीकरणाचे व्हिडिओ याच्या उलट असतात: बारा पॉइंटची अक्षरं, माऊस भिरभिरतोय, आणि "तर इथे आपण बघू शकतो की" चाळीस वेळा. एक्सेल १५० टक्के मोठं करा, टर्मिनलची अक्षरं वाढवा, व्हॉट्सअॅप वेब बंद करा. विशेषतः व्हॉट्सअॅप वेब. सादरीकरण चालू असताना कोपऱ्यात कुणाचा मेसेज उगवेल याचा नेम नसतो, आणि समितीतले सगळे नेमकं तेवढंच वाचतात.